पुलानंतरचे ऐंशी किलोमीटर

१

माझा मुलगा विमान चालवतो आणि विमानतळावर पोचायला साडेपाच तास गाडीने जातो. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. पुढे हसण्यासारखं काही नाही.

त्याची कंपनी आधी आमच्याच शहरातून उडायची. मग त्यांनी इथलं दुकान गुंडाळलं, दिवसाला एक विमान तेवढं ठेवलं, आणि सगळ्या पायलटांना कळवलं, तुमचा बेस आता तिकडे. बेस म्हणजे पायलटची ड्यूटी जिथून सुरू होते ते ठिकाण. आणि तिकडे म्हणजे साडेतीनशे किलोमीटर. कसं पोचायचं ते तुमचं तुम्ही बघा. कंपनीच्या माणसाला विमानात फुकट बसता येतं, पण सीट उरली तर. तिकीट काढलेला शेवटचा माणूस आत जाईपर्यंत हे लोक टाय लावून, बॅग धरून दाराशी उभे, लग्नात आगंतुक उभा असतो तसे. दोनदा सीट उरली नाही. दोनदा माझ्या मुलाने जे विमान चालवायचं तेच त्याच्याविना उडालं. दुसऱ्या वेळी पत्र आलं, तिसऱ्यांदा झालं तर खांद्यावरच्या चार पट्ट्यांतली एक काढू. म्हणजे कॅप्टनचा पुन्हा को-पायलट.

तेव्हा तो म्हणाला, मी गाडीने जातो.

सून म्हणाली, "साडेपाच तास गाडी हाकायची आणि वर विमान चालवायचं? झोप कधी घेणार?"

मी तिथेच पेपर घेऊन बसलो होतो. म्हणालो, "मी काय मेलोय का?"

एक्केचाळीस वर्षं मी दुधाचा टँकर चालवला. दूध थांबत नाही, नासतं. त्यामुळे मीही कधी थांबलो नाही. एकदा ठोकला नाही, एकदा उलटला नाही, एकदा डोळा लागला नाही. शाळा चौथीत सोडली, दुसरं काही मला येत नाही, पण हे येतं. आणि हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. सुनेला तर पाठ झालंय. मी "एक्केचाळीस" म्हटलं की ती पुढचं म्हणून टाकते.

तर असं ठरलं. पंधरा दिवसांतून तीन खेपा. सकाळी नऊला निघायचं, अडीचला पोचायचं, चारला त्याची ड्यूटी. तो मागे झोपणार. येताना घाई नसायची, सीट मिळेल तेव्हा तो विमानाने यायचा, मी गाडी घेऊन एकटा परत. मागच्या सीटवर उशी, पातळ पांघरूण, वरच्या कडीला हँगर आणि त्यावर इस्त्री केलेला पांढरा शर्ट. शर्टावर सुरकुती पडली तर त्याच्यापेक्षा मलाच जास्त वाईट वाटायचं. टँकरमध्ये दूध होतं, आता मुलगा आहे, एवढाच फरक, असं मी म्हणायचो. सून हसायची नाही.

२

अर्ध्या वाटेवर मोठी नदी आहे. नदीवर लांब पूल. पूल संपला की ऐंशी किलोमीटर रस्ता सरळ. वळण नाही, गाव नाही. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आणि विजेचे मनोरे. तो पट्टा संपला की एक पेट्रोल पंप, त्याला लागून चहाचं दुकान आणि संडास. तिथे आम्ही थांबायचो.

सातवी किंवा आठवी खेप असेल. भर दुपार होती, ऊन डोळ्यांवर. पूल आला तेव्हा मी घड्याळ बघितलं, बाराला दहा कमी. मुलगा मागे घोरत होता.

मग मी डोळे उघडले आणि समोर चहाचं दुकान होतं.

गाडी उभी होती. इंजिन बंद. हँडब्रेक ओढलेला. माझे दोन्ही हात मांडीवर, देवापुढे बसल्यासारखे. एक वाजत आला होता.

पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. आलो, थांबलो, जरा डुलकी लागली असेल, झालं. मग मी खाली उतरलो आणि गाडीकडे बघितलं.

गाडी उलटी लावलेली होती. मागचा भाग भिंतीला, तोंड रस्त्याकडे. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध. दोन्हीकडे हात-हातभर जागा, मोजून सोडल्यासारखी.

माझी मान आठ वर्षांपासून वळत नाही. मणके झिजलेत. मागे बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागतं. म्हणून मी गाडी उलटी लावतच नाही. तोंडाने घुसवतो, आणि बाहेर काढायची वेळ आली की मुलाला उतरवतो आणि त्याच्या हातवाऱ्यांवर मागे घेतो.

मुलगा डोळे चोळत बाहेर आला. अंग ताणलं. गाडीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"वा बाबा. आज उलटी लावलीत? मान बरी झाली की काय?"

आत्ता म्हणायचं होतं. अरे लेका, मला पुलानंतरचं काही आठवत नाही. एवढंच वाक्य. तोंडापर्यंत आलं होतं.

मी म्हणालो, "मग? गाडी कोण चालवतंय!"

तो हसला आणि चहा आणायला गेला. मी गाडीत बसलो ते दाराला धरून. समोरच्या आरशात बघितलं तर मागची काच दिसत नव्हती. आरसा खाली वळवलेला होता. त्यात मागची सीट दिसत होती, उशी दिसत होती, उशीवरचा डोक्याचा खळगा दिसत होता.

गाडी चालवणारा आरशातून मागचा रस्ता बघतो. ज्याने हा आरसा लावला होता तो रस्ता बघत नव्हता. तो माझा मुलगा झोपलेला बघत होता.

३

मी भुताखेतांतला माणूस नाही. टँकरवाल्यांच्या तोंडी असल्या गोष्टी खंडीभर, पांढऱ्या साडीतली बाई, पाय उलटे असलेला पोलीस. मी त्यांना म्हणायचो, कमी प्या.

म्हणून मी हिशेबाने विचार केला. एक, हाताला सवय असते. माणूस विचारात असला तरी हात चालवतात, पाय दाबतात. दोन, मान एखाद्या दिवशी वळतही असेल, झोपेत अंग सैल असतं. तीन, आरसा माझ्याच डोक्याचा धक्का लागून फिरला असेल. चौथं काही सुचलं नाही. तीन कारणं पुष्कळ झाली असं मी ठरवलं.

पण एक गोष्ट हिशेबात बसत नव्हती. मी घाबरलो नव्हतो. मी लाजलो होतो.

घरी आल्यावर सून ताट वाढता वाढता म्हणाली, "बाबा, डोळा लागत नाही ना हो तुमचा? खरं सांगा. वय झालंय, त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"एक्केचाळीस वर्षं..." मी सुरू केलं.

"ठोकला नाही, उलटला नाही," ती म्हणाली. "कळलं. भाजी घ्या."

पुढच्या दोन्ही खेपांना तसंच झालं. पूल, आणि मग पंप. मधे काही नाही. स्वप्न नाही, गुंगी नाही. कात्रीने कापल्यासारखं. दर वेळी गाडी उलटी, मधोमध. दर वेळी आरसा खाली वळवलेला, आणि तो मी मुलगा उठायच्या आत पटकन सरळ करायचो. चोरासारखा.

मुलगा म्हणायचा, "बाबा, पुलानंतर गाडी काय सुरेख चालवता हो तुम्ही! त्याआधी दणके बसतात."

हे ऐकून माझी छाती फुगायची. हे लिहिताना हात जड होतो, पण फुगायची.

४

बेसवर विमानतळाच्या कुंपणाला लागून कामगारांचं पार्किंग आहे. त्याच्या एका कोपऱ्यात लांबून येणाऱ्या पायलटांच्या गाड्या असतात. त्या लगेच ओळखू येतात. धुळीने माखलेल्या, काचांना उन्हाचे पडदे, आत हँगर, उशा, दाढीचं सामान. चार पट्ट्यांचे साहेब लोक तिथे बनियनवर उभे राहून बाटलीच्या पाण्याने तोंड धुतात. आत गेल्यावर प्रत्येकजण मशीनवर खूण करतो: मी पुरेशी विश्रांती घेतली आहे. ती खूण केल्याशिवाय विमान मिळत नाही.

तिथे एक को-पायलट मुलगी होती. सारखे शेंगदाणे चघळायची म्हणून मी तिला खारूताई म्हणायचो. ती एकटीच गाडी चालवत यायची, आमच्याच रस्त्याने.

"काका, मलाही न्या की तुमच्या गाडीत," ती म्हणायची. "तुमचे कॅप्टनसाहेब बघा, कसे ताजे टवटवीत. आम्ही बघा, वाळत घातलेले."

"तुझ्या बापाला सांग. रिकामा बसलाय ना घरी?"

"माझा बाप गाडीत बसला की त्यालाच उलट्या होतात."

त्या दिवशी मुलगा आत गेला आणि मी परत निघण्याआधी पाय मोकळे करत त्या कोपऱ्यात हिंडलो. कितीतरी दिवस मी ती रांग बघत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. अकरा गाड्या. अकराच्या अकरा उलट्या लावलेल्या. प्रत्येक गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध, दोन्हीकडे हात-हातभर जागा.

शिस्तीची माणसं आहेत, मी मनाशी म्हणालो. विमानवाले.

मग मी पहिल्या गाडीच्या काचेला तळहाताची सावली करून आत डोकावलो. आरसा खाली वळवलेला होता. मागच्या सीटकडे. दुसऱ्या गाडीत तसाच. तिसऱ्या. मी रांगेने जात राहिलो, एखादा चोर गाड्यांत सामान शोधतो तसा, आणि अकराव्या गाडीपर्यंत एकही आरसा रस्त्याकडे बघणारा नव्हता.

अकरावी खारूताईची होती. ती डिकी उघडून बॅग काढत होती.

"काय हवंय काका?"

"काही नाही. ही गाडी तू लावलीस?"

"मग? कोण लावणार?" ती हसून म्हणाली.

तो सूर मी ओळखला. थोडं जास्त मोठ्याने, थोडं जास्त लवकर. माझाच होता तो.

तिच्या मागच्या सीटवर उशी होती. उशीवर डोक्याचा खळगा होता आणि एक लांब केस. एकटी गाडी चालवत येणारी मुलगी. मी त्या उशीकडे बघतोय हे तिने बघितलं.

"पोचल्यावर पडते जरा मागे," ती म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं. तिने दार लावलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग ती एकदम लहान आवाजात म्हणाली, "काका, घरी माझ्या आईचा फोन आला तर सांगू नका हं, मी थकलेली दिसते म्हणून."

तिच्या आईकडे माझा नंबर नव्हता. मी तरी म्हणालो, "नाही सांगत."

५

पुढच्या खेपेला मी तयारी केली. आदल्या रात्री नऊ तास झोपलो. सकाळी फक्त चहा. खिडकी खाली, वारा तोंडावर. पूल आला तेव्हा मांडीला चिमटा काढत मोठ्याने मोजायला लागलो. पुलाला दर थोड्या अंतरावर जोड आहे, त्यावरून चाक गेलं की टक् असा आवाज येतो. पंधरा. सोळा. पाण्यावर ऊन चमकत होतं. चाळीस. एक्केचाळीस.

गालाला काहीतरी मऊ लागलं. इस्त्रीचा वास आला.

तो शर्ट होता. हँगरला लावलेला मुलाचा पांढरा शर्ट माझ्या गालावर हलत होता.

मी मागच्या सीटवर होतो.

पट्टा लावलेला. पांघरुणाचं अर्धं टोक माझ्या गुडघ्यांवर, नीट दुमडून घातलेलं. शेजारी मुलगा, तोंड किंचित उघडं, गाढ. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. पाच वर्षांचा असताना टँकरमध्ये झोपायचा तसं. बाहेर विजेचे मनोरे एकामागून एक मागे जात होते. गाडी चालली होती. आणि इतकी शांत चालली होती की शर्टाची बाहीसुद्धा एकाच लयीत हलत होती. मी कधी एवढी चांगली चालवलेली नाही.

मी पुढे बघितलं. पूर्ण बघितलं असं म्हणणार नाही. सीटच्या पाठीमुळे फार दिसत नव्हतं. एक कोपर दिसलं. आणि स्टीअरिंगवर एक हात. अंगठा चाकाच्या बाहेर ठेवलेला, आत गुंडाळलेला नाही. जुन्या जड गाड्यांचं स्टीअरिंग खड्ड्यात झटका मारतं, अंगठा मोडतो, म्हणून आम्ही टँकरवाले तसं धरतो. हल्ली कोणी धरत नाही. माझ्याकडूनच शिकला असणार.

म्हणजे तोही मला बघत आला होता. पहिल्या खेपेपासून.

समोर एक ट्रक हळू चालला होता. त्याला मागे टाकायच्या आधी, चांगला ड्रायव्हर करतो तसं, पुढच्या सीटवरचं डोकं मागे वळून बघायला लागलं. हळूहळू. मान वळत गेली. खांद्यापर्यंत आली. जिथे माणसाची मान थांबते तिथे आली, आणि थांबली नाही.

मी डोळे मिटले.

आता जे सांगायचं आहे ते हे. भुताचं काय, ते कोणीही सांगेल. माझा मुलगा माझ्या खांद्यावर होता. त्याला कोपर मारायचं, उठवायचं, ओरडायचं, दार उघडायचं, काहीही. आंधळा बापसुद्धा एवढं करेल. मी डोळे मिटून घेतले आणि झोपेचं सोंग केलं. लहान मूल मार चुकवायला करतं तसं. श्वास लांब सोडला, खरा वाटावा म्हणून. बापाने मुलाच्या शेजारी बसून हे केलं.

पांघरूण घसरलं होतं. कोणीतरी ते वर ओढून दिलं. दोघांवर. गाडीचा वेग जराही कमी झाला नाही.

आणि मग मला खरंच झोप लागली. ऐकताय? लागली. आणि लागता लागता माझ्या मनात काय आलं, तर चालवतोय ना नीट. चालवू दे.

६

जाग आली तेव्हा बेस आला होता. चहाच्या दुकानाशी थांबलोच नव्हतो. मी पुढच्या सीटवर, हात मांडीवर. गाडी त्या रांगेत, बारावी.

मुलाने मागे बसूनच दाढी केली, शर्ट घातला, टाय बांधला. मग आत जायचं सोडून पुढे येऊन माझ्या शेजारी बसला. दार ओढून घेतलं. त्याच्या खांद्यावरच्या चार पट्ट्या माझ्या अगदी डोळ्यांसमोर आल्या.

"बाबा, एक विचारू? चिडू नका."

"मी कधी चिडतो?"

एरवी यावर तो हसला असता.

"गेल्या आठवड्यात," तो म्हणाला, "वर गेल्यावर, विमान सरळ झाल्यावर, मी... मला जाग आली. मी माझ्या सीटवर नव्हतो, बाबा. मागे प्रवाशांत होतो. तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. पट्टा लावलेला. शेजारी एक बाई होती, मांडीवर बाळ. म्हणाली, किती घोरता हो तुम्ही, तासभर झाला."

माझा हात आरशाकडे गेला, तो सरळ करायला.

"मी धावत पुढे गेलो. दार आतून बंद. वाजवलं. को-पायलटने उघडलं. माझी सीट रिकामी होती. तो म्हणाला, सर, आत्ता तर गेलात बाथरूमला. दोन मिनिटंही झाली नाहीत." तो हात चोळत होता. "रेडिओवर माझाच आवाज होता म्हणे तासभर. सगळी उत्तरं बरोबर. उंची बरोबर. एकशे ऐंशी माणसं मागे, बाबा, आणि मी घोरतोय."

"मग?"

"मग काय, उतरवलं विमान. कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? लायसन्स जाईल, ते जाऊ दे, पण तोंड कसं दाखवू?" त्याने माझ्याकडे बघितलं. "मी आज जात नाही. आजारी आहे म्हणून कळवतो. आणि डॉक्टरकडे जातो. फक्त जायच्या आधी तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही एवढी वर्षं चाक धरलंत. तुम्हाला कधी... एकदा तरी... असं झालंय का? मी एकटाच आहे का?"

बघा, किती सोपं होतं. हो, एवढंच. हो रे पोरा, मलाही होतं, आत्ताच झालं, तू एकटा नाहीस, चल घरी. तो आला असता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. माझ्या तोंडून तेवढंच ऐकायला तो बसला होता. दाराला हातही लावला नव्हता त्याने.

पण हो म्हटलं की मग सगळंच आलं. मग पहिल्या दिवसाची उलटी लावलेली गाडी आली. मग "गाडी कोण चालवतंय" आलं. मग मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेला बाप आला. माझ्या तोंडून माझाच नेहमीचा आवाज बाहेर आला.

"मला? एक्केचाळीस वर्षांत माझा डोळा लागला नाही."

तो लाल झाला. कानापासून मानेपर्यंत. मी त्याला लहानपणी चारचौघांत रागवायचो तेव्हा व्हायचा तसा.

"हो ना," तो म्हणाला. "माझीच झोप पुरत नसेल."

"काम सोडून घरी बसलं की झोप पुरते का? जा. पत्र विसरलास?"

हेही मीच म्हणालो. कोणी म्हणायला लावलं नाही.

त्याने टोपी घातली, बॅग घेतली. दाराशी मशीन आहे. मी बघत होतो. त्याने बोट टेकवलं. मी पुरेशी विश्रांती घेतली आहे.

७

मी निघालो नाही. कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभा राहिलो. विमानं धावपट्टीकडे जाताना त्या कोपऱ्यापासून जवळून जातात, इतकी की कान बधिर होतात. जवळचं मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, पण लांबचं अजून साफ दिसतं. तेच माझ्या मुळावर आलं.

साडेपाचच्या सुमाराला त्याचं विमान आलं. सावकाश. ऊन तिरपं होऊन खिडक्यांवर पडलं होतं. पहिली खिडकी, कोणीतरी टक्कल असलेला माणूस. दुसरी, पडदा ओढलेला. तिसरी.

पांढरा शर्ट. खांद्यावर चार पट्ट्या. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. गळ्यापर्यंत पांघरूण, नीट दुमडून घातलेलं.

मी जाळी हलवली. ओरडलो असेन, मला माझंच ऐकू आलं नाही. इंजिनांचा आवाज होता. विमान वळायला लागलं आणि वळताना त्याचं तोंड माझ्याकडे येणार होतं, पुढची मोठी काच, आणि त्या काचेमागे कोण बसलंय ते मला स्पष्ट दिसणार होतं.

मी खाली बघितलं. माझ्या चपलांकडे. विमान जाईपर्यंत.

म्हणजे दुसऱ्यांदा.

काही झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक पडलेल्या विमानाची वाट बघतात. सगळे सुखरूप उतरले. मुलगा तीन दिवसांनी आला, जेवला, माझ्या नातीला शाळेत सोडून आला. माझ्याशी नीट बोलतो, पण माझ्या तोंडाकडे बघत नाही. त्याला वाटतं, घरात लाज आणणारा तो एकटाच. सून म्हणते, बापलेकांचं काय बिनसलंय? सोमवारी पुन्हा निघायचंय. त्याआधी त्याला सांगायचं, म्हणून मी हे लिहायला बसलो. तोंडाने जमत नाही. चार दिवस झाले, कागद माझ्याच उशीखाली आहेत.

आणि एक राहिलं.

त्या दिवशी उतरल्यावर त्याचा फोन आला. उतरला की तो नेहमी करतो. मी अजून पार्किंगमध्येच होतो, गाडीत बसायची हिंमत होत नव्हती म्हणून बाहेर उभा.

"उतरलो, बाबा," आवाज आला. माझ्या मुलाचा आवाज. घसा जरा बसलेला, तसाच.

"कसं झालं?"

"एकदम मस्त. कोणाला कळलंसुद्धा नाही चाकं टेकली ते."

"शाब्बास," मी म्हणालो. सवयीने. तो कॅप्टन झाल्यापासून मी म्हणतो.

पलीकडे श्वासाचाही आवाज नाही. मग तोच आवाज, अगदी मायेने म्हणाला,

"आज तुमचीही झोप नीट झाली ना, बाबा?"

मुलाला हे माहीत नव्हतं. मुलाला मी सांगितलेलंच नव्हतं. फोन कानाला तसाच धरून मी उभा होतो. विचारायचं होतं, कोण बोलतंय. विचारायचं होतं, माझा मुलगा कुठे बसलाय. जीभ वळली नाही. पण उत्तर द्यायला वळली.

"हो," मी म्हणालो. "झाली."

इतक्या खेपांत मी पहिल्यांदा खरं बोललो, ते त्याच्याशी.